जिप्सीचा पुढचा बंपर उद्यमनगरात बनवून घेतला, त्याबद्दल

मारुती जिप्सीचा कंपनीचा पुढचा बंपर कधी काढून हातात धरलाय का? नुसता पत्रा आहे, वरून पेंट. डांबरी रस्त्याला तो पुरतो, पण चिखलात जाणाऱ्या गाडीला दोन ठिकाणी नडतो. एक म्हणजे त्याची टोकं टायरच्या पुढं येतात, त्यामुळं उभ्या चढाच्या तोंडाला आधी बंपर टेकतो आणि टायर मागंच फिरत बसतं. दुसरं म्हणजे गाडी रुतली की ओढायला धरायचं कुठं? खाली चॅसीला जे बारकं हूक आहे ते बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ठीक, पण बोनेटपर्यंत लाल चिखलात बसलेल्या गाडीला ते काय कामाचं, आणि नेमकं तेच हूक चिखलाखाली गाडलेलं असतं.

माझी २००६ ची जिप्सी किंग, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप, रिपासिंग करून घेतलेली. मागच्या पावसाळ्यात राधानगरीच्या बाजूला एका बांधाजवळ अडकली तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं मी खाली उतरायच्या आत साखळी थेट बंपरला गुंडाळली आणि दणका दिला. गाडी निघाली, पण बंपरचा मधला भाग पुढं आला आणि दोन्ही टोकं फेंडरला जाऊन घासली. त्याला काय बोलणार, त्यानं एक रुपया घेतला नाही वर चहा पाजला. पण तेव्हाच ठरवलं की आता बंपर आपणच करायचा.

रेडिमेड मिळतात, नाही असं नाही. पण मी जे बघितले ते एकतर नुसते दिसायला दांडगे, आत माउंटिंग अगदी किरकोळ, नाहीतर विंचसाठी (रुतलेली गाडी दोर गुंडाळून ओढणारं मशीन) बनवलेले, पन्नास किलोच्या वरचे. जिप्सी अख्खी एक टनाच्या आसपासची गाडी आहे. तिच्या नाकावर पन्नास किलोचा बंपर आणि वर पंचवीस-तीस किलोचं विंच टांगलं की पुढचे पाटे बसलेच म्हणून समजा, आणि मग पाटे बदला, शॉकअप बदला, ती साडेसाती वेगळीच. म्हणून विंच नको हे पहिल्यांदाच पक्कं केलं. आमच्या ऑफरोडिंगच्या ग्रुपमधल्या एका थारला आहे, आणि एकट्यानं आत जायचं नाही हा नियम तर सगळ्यांनाच आहे. वजन पंचवीसच्या आसपास ठेवायचं, आणि ओढण्याचा सगळा ताण चॅसीवर गेला पाहिजे, एवढंच काम त्या बंपरकडनं पाहिजे होतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक फॅब्रिकेशनवाले मामा आहेत, वय साठीला टेकलेलं, आधी ट्रॉल्या बनवायचे, आता गेट, शेड, जे येईल ते करतात. त्यांना कागदावर काढून दाखवलं तर पहिला प्रश्न, "ह्याला पुढनं नळी नाही व्हय? दोन इंची पाईप वाकवून देतो की, हेडलाईटपर्यंत घेऊया, लई भारी दिसंल."

मी म्हटलं, मामा, तेच तर करायचं नाही.

ह्यावर जरा बोलतो, कारण बंपर म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यासमोर बुलबारच येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते बेकायदा बदल धरले जातात. कारण सरळ आहे, पुढं आलेली लोखंडी नळी पायी चालणाऱ्या माणसाला लागली तर त्याची मांडी, कंबर, पोरगं असेल तर डोकंच सापडतं. आणि गाडीतल्यांनाही काही फायदा नाही, धडकेचा धक्का पत्र्यानं खायचा तो सरळ चॅसीत जातो. एअरबॅगच्या गाडीत तर सेन्सरचंही गणित बिघडतं. जिप्सीला एअरबॅग नाही, म्हणून काहीजण म्हणतात आपल्याला काय, पण पुढं चालणाऱ्या माणसाला कुठं कळतं तुमच्या गाडीत एअरबॅग आहे का नाही ते. त्यामुळं माझा बंपर ट्रॅकपुरता. रस्त्यावर गाडी जाते ती कंपनीच्याच बंपरवर (वाकलेला होता तो काढून जुन्या बाजारातून दुसरा घेतला), आणि खाजगी जागेत इव्हेंट असला की तिथं जाऊन पान्यानं बदलायचा. म्हणजे डिझाईन करतानाच चार बोल्टवर निघेल असा पाहिजे होता. नंबर प्लेट एचएसआरपी असल्यामुळं तिचे स्नॅप लॉक परत निघत नाहीत, म्हणून प्लेट मागच्या पट्टीसकट दोन बोल्टवर ठेवली, पट्टीच इकडची तिकडं होते.

मामांना हे सगळं पटलं असं नाही. "तुझी गाडी, तुझा बंपर," म्हणाले आणि मोजपट्टी काढली.

आता मूळ मुद्दा. बंपर बनवणारे लोक सगळा जीव पुढच्या तोंडावर काढतात, किती जाड पत्रा, कसे कोन, लाईटला भोकं कुठं. पण गाडी ओढताना त्या तोंडाचा काही संबंध नसतो. ताण शॅकलच्या (दोर अडकवायची यू आकाराची कडी) कानातून, म्हणजे ती कडी जिच्यात बसते त्या भोकाच्या जाड पट्टीतून, आत येतो, तिथून माउंटिंग प्लेटमध्ये, तिथून बोल्टमध्ये, आणि बोल्टमधून चॅसीत. तोंड ह्या रांगेत कुठंच नाही. कान जर पुढच्या पत्र्यावर नुसता वेल्ड करून चिकटवला तर दांडग्या झटक्याला तो पत्र्याचा तुकडा घेऊन उडतो, आणि दोरीच्या टोकाला तो लोखंडाचा तुकडा समोरच्या गाडीच्या काचेकडं कसा जातो हे मी सांगायला नको. म्हणून आधी काढला तो मागचा सांगाडा, आणि तोंड त्याच्यावर नंतर कपड्यासारखं चढवायचं.

सांगाडा असा. चॅसीच्या दोन्ही टोकांना बाहेरून बसतील अशा ८ एमएम जाडीच्या दोन प्लेटा, साधारण फूटभर लांब. प्रत्येक प्लेट चॅसीला दोन बोल्टनं आरपार. आणि त्या प्लेटला जोडून २० एमएमचा कान, जो पुढच्या पत्र्यातल्या खाचेतून बाहेर येतो. पाऊण इंची शॅकल पावणेपाच टनाला रेटेड असतं आणि त्याचं तोंड सव्वा इंचाच्या आसपास, त्यात २० एमएम आरामात बसतो, पिनसाठी २५ चं भोक. कान प्रोफाईल कटिंगवाल्याकडून कापून घेतले. गॅसनं हातानं कापलेल्या भोकाच्या कडेला बारीक खाचा राहतात आणि चीर तिथूनच सुरू होते, म्हणून भोक मात्र ड्रिलनंच पाहिजे असा हट्ट धरला. उद्यमनगरात रेडियल ड्रिल काय गल्लोगल्ली आहे.

चॅसीवर नवीन वेल्डिंग करायचं नाही आणि होईल तेवढी जुनीच भोकं वापरायची हे ठरलेलं होतं. जिप्सीची चॅसी बंद डब्यासारखी आहे, म्हणजे आरपार बोल्ट टाकून आवळला की दोन्ही भिंती आत दबतात, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चार धक्क्यात परत ढिला. त्यावर उपाय म्हणजे आत जाड पाईपचा तुकडा, चॅसीच्या आतल्या रुंदीएवढा बरोबर कापलेला, बोल्ट त्याच्यातून जातो आणि सगळा दाब त्या तुकड्यावर येतो. तो तुकडा चॅसीच्या पुढच्या उघड्या तोंडातून तारेला बांधून आत सरकवायचा आणि बाहेरून बोल्टच्या टोकानं शोधत बसायचं. मामांचा पोरगा आडवा झोपून तार धरून, मी वरनं टॉर्च मारतोय, "जरा डावीकडं, जरा, आं आं, गेला परत." हे काम दिसत कुठंच नाही, पण अख्ख्या बंपरमध्ये जास्त वेळ खाल्ला तो ह्यानंच.

बोल्ट १२ एमएमचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले, नायलॉक नट, दोन्हीकडून जाड वायसर. डोक्यावर आकडाच नाही असले बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात, ते गेटला वापरा. टॉर्क रेंच ८० न्यूटन मीटरवर लावून आवळले.

मग तोंडाचा नंबर. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून गाडीला लावून लावून आकार काढला. पुठ्ठ्याची गंमत ही की कापलेलं चुकलं तरी सेलोटेप मारता येतो. मध्ये सरळ, दोन्ही टोकं मागं वळलेली, आणि लांबी १३०० एमएमच, म्हणजे टायरच्या बाहेरच्या निम्म्या भागापुढं काहीच नाही. पत्रा किती जाडीचा ह्यावर मामांची आणि माझी चांगलीच जुंपली. ते सहाच्या खाली यायला तयार नाहीत. मी तिथंच हिशोब मांडला: वर १००, पुढं १५०, खाली १००, असा ३५० रुंदीचा पत्रा गुणिले १३००, सहा एमएमला चौरस मीटरला ४७ किलो धरले तर नुसतं तोंडच एकवीस किलोच्या वर, चार एमएमला तेच चौदा किलो. सात किलोचा फरक, आणि ताण तर तोंडावर नाहीच. शेवटी चारवर आले, वर "पोचा आला तर माझ्याकडं यायचं नाही" असा दम. लोखंड साठ-पासष्ट रुपये किलोनं पडलं, बेंडिंग शेजारच्या प्रेसवाल्याकडं बेंडवर पैसे देऊन. टोकं वळवायला वरच्या आणि खालच्या पट्टीत व्ही कट मारून वाकवलं आणि ती फट वेल्डनं भरली.

आता एक गोष्ट सांगतो जी मला कुठं वाचायला मिळाली नव्हती. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाची झुलती कडी (ओढायचं शॅकल वेगळं), ही पुढच्या टोकाला आहे, बंपरच्या बरोबर मागं. पाटा दबला की सरळ होतो, सरळ झाला की लांबतो, आणि लांबला की ती कडी पुढं झुलते, बंपरच्या खालच्या पट्टीकडं. गाडी सपाटीवर उभी असताना जागा भरपूर दिसते. म्हणून टॅक (जागेवर धरायला वेल्डिंगचे नुसते ठिपके) मारायच्या आधी पुढचं एक चाक मोठ्या दगडावर चढवलं, दुसरीकडचं मागचं चाकही दगडावर, म्हणजे तो कोपरा पूर्ण दबला, आणि मग खाली वाकून बघितलं तर कडी आणि पुठ्ठा यांच्यात करंगळी जेमतेम जाईल एवढीच फट. पुठ्ठा असल्यामुळं बरं झालं, खालची पट्टी तेवढ्या जागी अर्धगोल कापून वर घेतली. ती कडी लोखंडाला आपटली असती तर पाट्याला जागाच उरली नसती आणि प्रत्येक खड्ड्याला ठणाठण आवाज.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढले, एमपीएफआय आहे, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडाला तर बंपर पडला बाजूला. गाडीवर फक्त टॅक मारले, अर्थिंगचा चिमटा टॅकच्या शेजारीच. मग सगळं खोलून खाली घेतलं आणि जड गर्डरला क्लॅम्प लावून बांधून घातलं, कारण वेल्ड थंड होताना आवळतं आणि पत्र्याला आपल्याकडं ओढतं. मागच्या बाजूनं सलग वेल्ड मारत गेलं की तेराशे एमएमच्या पत्र्याची टोकं मागं वळणार. मामा थोडं इकडं मारायचे, थोडं तिकडच्या टोकाला, मग चहा. खरंच, चहा हा त्या प्रोसेसचा भाग आहे, घाई केली की वाकलंच.

वेल्डिंगच्या रॉडच्या बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. पत्र्याच्या जोडाला नेहमीचे ६०१३ नंबरचे चालतात, पण कान आणि माउंटिंग प्लेटला ७०१८ च पाहिजेत म्हटलं. मामांना ते माहीत होते पण ते ओलाव्याला फार नाजूक, आणि कोल्हापूरचा जुलै म्हणजे भिंतीलासुद्धा घाम. शेजारच्या एका वर्कशॉपला रॉड भाजायची भट्टी होती, तिथं ठेवून गरम-गरमच आणून वापरले. २० एमएमचा कान आणि ८ ची प्लेट जोडताना कान सगळी उष्णता पिऊन टाकतो, वेल्ड वरवर बसतो आणि आत काही शिरत नाही. म्हणून कान आधी गॅस टॉर्चनं तापवला आणि आर्क कानाच्या बाजूलाच जास्त धरला. कान खाचेतून पलीकडं गेल्यामुळं दोन्ही बाजूंनी वेल्ड मिळाला, आणि पुढच्या पत्र्यालाही चहूबाजूंनी बारीक शिवण.

उद्यमनगरात फाउंड्र्या असल्याचा एक फायदा इथं झाला. कास्टिंगला चिरा शोधायला जे लाल स्प्रे मारतात ते डाय पेनिट्रंटचं किट आमच्या ओळखीच्या एकाकडं होतं. वेल्ड घासून स्वच्छ करायचा, लाल स्प्रे मारायचा, दहाएक मिनिटं थांबायचं, कापडानं पुसून काढायचं आणि वरनं पांढरा डेव्हलपर. चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन ठिकाणी स्वच्छ पांढरं, आणि उजव्या कानाच्या शिवणीच्या शेवटाला, जिथं रॉड उचलला होता त्या खळग्यात, मुंगीच्या पायाएवढी लाल रेघ. डोळ्यानं बघून कधीच दिसली नसती. मामा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले, मग काही न बोलता ग्राइंडर घेतला, तेवढा भाग पार खोदून काढला, परत भरला, आणि ह्यावेळी रॉड उचलायच्या आधी थोडा मागं फिरवून खळगा भरून मग उचलला. परत लाल, परत पांढरा, स्वच्छ. त्यानंतर मामा ते किट कुठं मिळतं विचारत होते.

पेंटचं फार काही नाही. पावडर कोटिंग छान दिसतं पण दगड लागून टवका उडाला की खालनं गंज पसरतो आणि वरनं कळत नाही, म्हणून इपॉक्सी प्रायमर आणि वरनं मॅट ब्लॅक, घरी ब्रशनं टचअप करता येतं. खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं ठेवली, नाहीतर त्या सी आकारात चिखल साठून पहिल्याच पावसाळ्यात आतनं खाऊन टाकलं असतं. बोल्टला ग्रीस.

सगळं मिळून काट्यावर २६ किलो आणि थोडं. गाडीचं नाक नावाला बसलं, हेडलाईट जरा वर करून घ्यावे लागले एवढंच.

टेस्ट मात्र नीट केली. प्रत्येक नट आणि प्लेट यांच्यावरून पांढऱ्या मार्करनं एक सलग रेघ मारली, प्लेट आणि चॅसीच्या जोडावरही. मग मित्राच्या शेतात, नांगरलेल्या रानात गाडी मुद्दाम रुतवली आणि थारनं आधी हळूहळू, मग कायनेटिक रोपनं (ताणला जाणारा दोर) जरा झटक्यानं ओढली. रोपवर मध्ये ओलं पोतं टाकलेलं, आणि बघायला जमलेली पोरंटोरं बांधापलीकडं, ह्या दोन गोष्टींवर मी कटकट्या म्हणून ग्रुपमध्ये प्रसिद्ध आहे. नंतर खाली झोपून बघितलं, एकही रेघ तुटली नव्हती. तरी प्रत्येक इव्हेंटनंतर बघतोच.

ग्रुपमधल्या दोघातिघांनी टेम्प्लेट मागितलं. ज्यांची जिप्सी आहे त्यांना पुठ्ठा दिला, पण दगडावर चढवून कडीची फट स्वतः बघा म्हणून सांगितलं, कारण पाटे बदललेले असले की सगळं गणित वेगळं. नवीन थारवाला एकजण मागंच लागला होता, "मामांना सांग की, तेवढंच वेल्डिंग आहे." त्याला सरळ नाही म्हटलं. त्या गाडीत एअरबॅग आहेत, पुढचा भाग धडकेत कसा दबायचा ह्याचा कंपनीनं विचार केलेला आहे, तिथं मी आणि मामांनी पुठ्ठ्यावर काढून लोखंड लावायचं काही कारण नाही. तो जरा नाराज झाला. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं, माझ्याकडं आधीच तीन गेटं पडलीत."